‘डावा फाटा मोकळा’ : नदीवार्तेतल्या एका ओळीचं प्रकरण

वल्हवणाऱ्यांच्या एका स्थानिक गटाच्या साप्ताहिक नदीवार्तेत गुरुवारी संध्याकाळी एक ओळ आली : ‘बेटाजवळचा डावा फाटा मोकळा.’ म्हणजे बेटामुळे दुभंगलेल्या नदीच्या डाव्या धारेत अडथळा नाही. शनिवारी सकाळी त्या ओळीवर विसंबून चार बोटींपैकी पहिली त्या फाट्यात शिरली. आधीच्या वार्तेत नोंदलेलं आडवं झाड तिथेच होतं. कोणाचा जीव गेला नाही. एकाचा खांदा निखळला, आणि त्याची बोट बुंध्याला वेढा घालून वाकली ती पुढे बरेच दिवस तिथेच अडकून राहिली.

गटाने निरोप, वेळा, पातळीच्या नोंदी आणि छायाचित्रं मोकळेपणाने दाखवली, म्हणून हे सगळं सलग मांडता आलं. नदीचं, गटाचं आणि माणसांचं नाव, तसंच ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. अशा वार्ता ठिकठिकाणी एक-दोन हौशी माणसं पदरचा वेळ घालून चालवतात आणि त्यांच्या भरवशावर कित्येक जण नदीत उतरतात. धोक्याची ओळ वार्तेत येते कशी, यावर बरंच बोललं जातं. ती ओळ वार्तेतून काढली जाते कशी, यावर फारसं कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरी जोखीम तिथेच आहे.

पार्श्वभूमी

पट्टा साधारण ११ किलोमीटरचा. बहुतेक भाग दुसऱ्या श्रेणीचा, मध्ये तीन खळाळ तिसऱ्या श्रेणीचे. नदी वल्हवायला किती अवघड हे सांगणारी १ ते ६ अशी ही आंतरराष्ट्रीय श्रेणी ‘अमेरिकन व्हाइटवॉटर’ ही संस्था प्रसिद्ध करते आणि जगभरचे वल्हवणारे तिचा आधार घेतात. तिसऱ्या श्रेणीच्या वर्णनात असं म्हटलेलं आहे की मोठ्या लाटा किंवा प्रवाहात अडकलेली झाडं असू शकतात, पण ती सहज टाळता येतात. या ‘सहज टाळता येतात’वर सगळी श्रेणी उभी आहे. अरुंद फाट्यात आडवं झाड पडलं की ती अट मोडते, आणि माहितीपुस्तिकेत छापलेल्या आकड्याला त्याचा पत्ताही नसतो. ही तफावत भरून काढायला स्थानिक वार्ता लागते.

वरच्या अंगाला धरण आणि वीजघर आहे. धरणाखालच्या पुलाच्या खांबावर पातळी मोजायची पट्टी रंगवलेली आहे. सगळा गट तिच्यावरच्या आकड्याने बोलतो : ‘आज दीड आहे’, ‘एक-वीसच्या खाली घासतं’. पण या पट्टीच्या दोन मर्यादा आहेत. पूल आणि बोटी उतरवण्याची जागा यांच्या मधे एक ओढा नदीला मिळतो. त्याचं पाणी पट्टीवर दिसत नाही. शिवाय पुलावर वाचलेली पातळी बेटापाशी काही वेळाने पोहोचते. पाण्याचा चढ हा पाण्याच्या स्वतःच्या सरासरी वेगापेक्षा जलद, रुंद पात्रात दीडपटीहून अधिक वेगाने पुढे सरकतो. तरीही बेटापर्यंत यायला त्याला वेळ लागतोच. म्हणजे आठ वाजता पुलावर जे पाहिलं ते आठ वाजता बेटावर नसतं.

पट्टीवर उंची कळते, विसर्ग कळत नाही. उंचीवरून विसर्ग काढायला दोन्हींचा मेळ घालणारा आलेख लागतो, आणि पुराने तळाची वाळू-गोटे हलवले की तो आलेख चुकायला लागतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १८८९ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एम्बुडो इथे रिओ ग्रांदे नदीवर आपलं पहिलं प्रवाहमापन केंद्र सुरू केलं. आज केंद्रं स्वयंचलित झाली, तरी त्यांची माणसं अजूनही ठरावीक काळाने नदीवर जातात, प्रत्यक्ष मोजमाप घेतात आणि आलेख दुरुस्त करतात. यंत्र बसवलं म्हणून जाऊन पाहण्याची गरज सरत नाही, ही गोष्ट या प्रकरणातही पुढे आली.

नदीवार्ता गटातल्या एक ताई चालवतात. पुढे त्यांना संकलक म्हटलं आहे. दर गुरुवारी ती सगळ्यांच्या फोनवर जाते आणि बोटी उतरवण्याच्या जागी फलकावर लागते. त्यात पुलावरची पातळी, वीजघराच्या विसर्गाचं येत्या दिवसांचं वेळापत्रक, काठावर जाण्याच्या वाटा चालू आहेत की बंद, आणि पात्रातले नवे अडथळे एवढं असतं. वाचणाऱ्यांत वर्षानुवर्षं या पट्ट्यावर असलेली माणसं आहेत आणि आताच पहिली बोट घेतलेलीही आहेत. ती वार्ता दोघं सारखी वाचत नाहीत. जुनी माणसं आपल्या ओळखीच्या नदीत ती माहिती बसवतात. नव्यांना मात्र वार्तेतली नदी हीच खरी नदी वाटते.

झाड पडलं तेव्हा

मोठा पूर येऊन ओसरला आणि दुसऱ्या दिवशी बेटाच्या डाव्या काठावरचं एक जुनं झाड मुळांसकट फाट्यात आडवं झालं. पूर ऐन भरात असताना झाड टिकलं आणि पाणी उतरल्यावर पडलं, याचं गटातल्या अनेकांना नवल वाटलं. त्यात नवल नाही. वळणाच्या बाहेरच्या काठाची माती धार खालून कोरत असते. पुरात तो काठ पाण्याने पूर्ण भिजून जड होतो, पण समोरचं पाणी त्याला टेकू देत असतं. पाणी झपाट्याने उतरलं की टेकू जातो आणि भिजलेला काठ कोसळतो. पूर ओसरल्यावरचे एक-दोन दिवस नव्या झाडांसाठी सगळ्यात जास्त लक्ष ठेवण्याचे असतात ते यामुळे.

पहिली खबर चांगली आली. दोघं जण उजव्या काठाने चालत गेले, झाड बघितलं, छायाचित्र काढलं. पुलावर पातळी तेव्हा १.३ मीटर होती, बुंधा निम्मा पाण्याबाहेर आणि फांद्या पूर्ण फाट्यावर पसरलेल्या. वार्तेत ओळ आली : ‘बेटाजवळ डाव्या फाट्यात पूर्ण आडवं झाड. उजवीकडूनच जा. बेटाच्या आधी उजव्या काठाच्या एडीत थांबता येतं.’

(एडी म्हणजे काठाशी किंवा खडकामागे उलटं फिरणारं संथ पाणी, जिथे बोट थांबवता येते.) ही ओळ मला आदर्श वाटते. नदीवरच्या हातखुणांचा एक जुना नियम आहे : हात किंवा वल्हं कधी धोक्याकडे दाखवायचं नाही, नेहमी सुरक्षित वाटेकडे दाखवायचं, कारण खळाळाच्या आवाजात लांबून बघणाऱ्याला ‘तिकडे जा’ आणि ‘तिकडे जाऊ नको’ यातला फरक कळत नाही. ही ओळ तो नियम लिहिताना पाळते. कुठून जायचं आणि कुठे थांबायचं, दोन्ही तिने सांगितलं.

प्रवाहातलं झाड खडकापेक्षा वाईट का, हे नव्यांसाठी सांगायला हवं. खडकाला धार अडते, त्याच्यासमोर पाण्याची उशी तयार होते, आणि ती उशी बोटीला बाजूला ढकलायला मदत करते. फांद्यांमधून पाणी आरपार जातं, त्यामुळे उशी होत नाही; पाणी निघून जातं आणि बोट आणि माणूस मागे अडकतात. धारेचा वेग दुप्पट झाला की त्यांच्यावरचा दाब चौपट होतो. चालत्या माणसाच्या वेगाने वाहणारं पाणीसुद्धा अडकलेल्याला स्वतःहून सुटू देत नाही.

दुसरा निरोप

पुढच्या आठवड्यात वीजघराचा विसर्ग वाढलेला होता. बुधवारी एक अनुभवी वल्हवणारा पट्टा उतरला आणि संध्याकाळी त्याने संकलकांना निरोप पाठवला : ‘ताई, आम्ही डावीकडनंच आलो. झाड काही दिसलं नाही. पाणी चांगलं चढलेलं होतं.’

त्या दिवशी पुलावरची पातळी १.९ होती. निरोपात तीन गोष्टी होत्या : ते डावीकडून आले, झाड दिसलं नाही, पाणी चढलेलं होतं. तिन्ही खऱ्या होत्या. गुरुवारच्या वार्तेत मधली एकच उरली, आणि तीही ‘डावा फाटा मोकळा’ अशी होऊन. जुनी धोक्याची ओळ काढून टाकली गेली.

प्रकरणातला पहिला निर्णय हा. तेव्हा संकलकांपुढे काय पर्याय होते?

निरोप जसाच्या तसा, पातळीसकट छापायचा, हा एक. जुनी ओळ तशीच ठेवून खाली ‘१.९ ला एका गटाला झाड दिसलं नाही, पाहणी बाकी’ असं जोडायचं, हा दुसरा. ओळ आठवडाभर न बदलता कोणाला तरी काठाने पाठवायचं, हा तिसरा. आणि चौथा, जो घेतला गेला. संकलकांनी सांगितलं की त्या आठवड्यात वार्ता आधीच लांबली होती, निरोप देणारा विश्वासाचा होता, आणि धोका नसताना तो लिहीत राहिलं तर लोक बाकीच्या ओळीही गांभीर्याने घेणार नाहीत अशी त्यांना काळजी होती. ही शेवटची काळजी रास्त आहे. वर्षभर ‘झाड आहे’ म्हणणाऱ्या फलकाकडे कोणी बघत नाही, हे कोणत्याही नदीवर खरं आहे.

पण पूर्ण झाड निघून जायला लागणारं पाणी आणि झाड झाकायला लागणारं पाणी यांत फार मोठं अंतर असतं. ते झाड मोठा पूर ओसरल्यावर पडलं होतं. त्यानंतर तसा पूर आलाच नव्हता. मुळांचा गड्डा काठाच्या चिखलात रुतलेला. १.९ च्या पाण्याने पानं आणि बारीक फांद्या ओरबाडून नेल्या, बुंध्यावर अर्ध्या मीटरहून जास्त पाणी चढलं, आणि वरून जाणाऱ्याला एक गुळगुळीत उंचवटा आणि त्यामागे थोडं उकळणारं पाणी एवढंच दिसलं असणार. पट्ट्यावर अशा जागा बऱ्याच आहेत.

याहून महत्त्वाचं म्हणजे, त्याच वार्तेत वरच्या बाजूला वीजघराचं वेळापत्रक होतं, आणि शनिवार-रविवारी विसर्ग कमी असेल असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. सुट्टीच्या दिवशी विजेची मागणी घटते, तशी अनेक जलविद्युत केंद्रांखालची नदी उतरते. म्हणजे बुधवारी बघितलेली गोष्ट ज्या पातळीला खरी होती ती पातळी शनिवारी नसणार, हे त्याच पानावर होतं. दोन ओळी एकमेकींशेजारी होत्या, त्यांची गाठ कोणी घातली नाही. वाचणाऱ्यांपैकीही कोणी घातली नाही.

शनिवार

चौघं निघाले. त्यांतले दोघं पट्ट्याचे माहितगार, एक मध्यम, एक नवीन. पुलावर पातळी १.५. उजव्या फाट्यात या पातळीला गोट्यांवर बोट घासते, म्हणून डावीकडून जायचं असं बोटी उतरवतानाच ठरलं. फलकावर वार्ता होती. ती वाचून ठरलं.

पातळ्या नीट बघा. १.३ ला बुंधा बाहेर दिसत होता, लांबूनच. १.९ ला तो इतका खाली होता की बोटी वरून गेल्या. १.५ ला तो पृष्ठभागाच्या जेमतेम खाली होता : दिसण्याइतका वर नाही, आणि बोट जाण्याइतका खाली नाही. पाणी चढलं की धोका वाढतो असं आपण सगळे धरून चालतो. आडव्या झाडाच्या बाबतीत पाणी उतरतानाची मधलीच एक पातळी सगळ्यात वाईट असते, आणि ती पातळी कोणती हे दर झाडागणिक वेगळं.

दुसरा निर्णय बेटाच्या तोंडाशी झाला. उजव्या काठाच्या एडीत थांबून, उतरून, दोनशे पावलं चालून फाटा बघता आला असता. आधीच्या आठवड्यात प्रत्येक गट तिथे थांबला होता. या शनिवारी थांबायचं कारण वार्तेने काढून घेतलं होतं. पुढच्या वल्हवणाऱ्याने वळणावरून डोकावून बघितलं, पाणी सलग दिसलं, तो गेला. मागच्यांना ठरल्याप्रमाणे अंतर ठेवायला सांगितलेलं होतं, आणि ते त्यांनी काटेकोर पाळलं. पुढचं सगळं त्या अंतरामुळे निभावलं.

बोट बुंध्यावर आडवी गेली. अशा वेळी माणूस आपोआप अडथळ्यापासून दूर झुकतो, आणि तेच घातक. वरच्या अंगाची कड पाण्यात गेली की धार बोट उलटवून झाडाखाली ओढते. हा पठ्ठ्या शिकवल्याप्रमाणे झाडाकडे झुकला, बुंधा कवटाळला आणि स्वतःला वर खेचलं. खेचताना खांदा निखळला. बोट खालून सुटून धारेच्या दाबाने बुंध्याभोवती वाकली. तो एका हाताने झाडावर, मधे धार.

दुसऱ्याने डाव्या काठाची एडी पकडली आणि तीन लांब शिट्ट्या दिल्या. मागचे दोघं बेटाच्या वरच थांबले. बचावाचा क्रम सगळ्यांना पाठ होता : आधी आवाज द्या, मग वल्हं किंवा काठी पोहोचते का बघा, मग दोर फेका, मग बोट, आणि पाण्यात उडी सगळ्यात शेवटी. नवीन मुलगा उडी मारायला निघाला होता. मागच्याने त्याला जॅकेटला धरून बसवलं. २० मीटरच्या दोराची पहिली फेक कमी पडली. दुसऱ्यांदा दोर बुंध्यापलीकडे गेला, अडकलेल्याने निरोगी हाताने जॅकेटभोवती ओढून घेतला. दोर कमरेला बांधून न घेण्याची काळजी त्याने त्या अवस्थेतही घेतली, कारण बांधलेला दोर धारेत माणसाला पाण्याखाली दाबतो. काठावरच्याने टाच रोवून दोर ताणला आणि तो लोलकासारखा काठाला लागला.

चौघांनाही मी वेगवेगळं विचारलं की तुम्ही वार्ता वाचली नसती तर थांबला असता का. चौघांचंही उत्तर ‘हो’ असं आलं.

त्यानंतरचे काही तास

तिसरा निर्णय संकलकांचा, आणि तो उत्तम झाला. खबर मिळाल्यावर अर्ध्या तासात त्यांनी तातडीची वार्ता काढली. त्यात चार गोष्टी होत्या : डाव्या फाट्यात झाड आहे, जाऊ नका, उतरलेली सगळी माणसं बाहेर आहेत, एक लाल बोट झाडावर रिकामी अडकली आहे, ती सुटून वाहत आली तर माणूस बुडाल्याचं समजू नका. माणसांची नावं नव्हती, चूक कोणाची यावर एक शब्द नव्हता. हीच माहिती त्यांनी स्थानिक बचाव पथकालाही कळवली.

रिकाम्या बोटीची खबर देणं बऱ्याच जणांना सुचत नाही. खालच्या अंगाला कोणी उलटी बोट बघितली की तो मदतीला बोलावतो, आणि ते योग्यच आहे. मग पथक आपला जीव धोक्यात घालून जो बाहेर आहे त्यालाच शोधत बसतं. इथे पुढच्या आठवड्यात बोट बघून दोन वेळा फोन गेले; दोन्ही वेळा पथकाकडे नोंद होती.

गटात एक मत असंही होतं की कारण पूर्ण कळेपर्यंत काहीच छापू नये. संकलकांनी ते मानलं नाही. धोका सांगायला कारण लागत नाही.

झाडाचं काय करायचं

इथे गटात जोराची चर्चा झाली. काहींना करवत घेऊन लगेच जायचं होतं. पण दाबाखालचं लाकूड कापलं की ते ताणलेल्या धनुष्यासारखं उसळतं. वाहत्या पाण्यात उभं राहून ते कापणं हे प्रशिक्षित माणसांचंच काम आहे. अर्धवट कापलं तर टोकदार खुंट पाण्याखाली उरतात, ते आधीच्या झाडाहून वाईट. शिवाय काठ आणि झाड गटाच्या मालकीचे नव्हते. नदीतल्या लाकडाला स्वतःचं काम असतं, हा मुद्दा गटातल्या एका मासेअभ्यासकाने मांडला : त्याच्या आडोशाला लहान मासे राहतात, मागे गाळ बसतो, काठाची झीज कमी होते. तो ऐकून घेतला गेला याचं मला बरं वाटलं. नदी आपल्या एकट्यांची नाही.

ठरलं ते असं : झाडाला हात लावायचा नाही, नदीचं काम बघणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवायचं, आणि बेटाच्या आधी उजव्या काठावर मोठा फलक लावायचा. पुढे वीजघर देखभालीसाठी बंद झालं तेव्हा पाणी अगदी उतरलं. कार्यालयाच्या माणसांनी यारीने बुंधा फिरवून काठाला समांतर केला आणि मुळांचा गड्डा जागीच ठेवला. वाट मोकळी झाली, लाकूड नदीतच राहिलं.

वार्तेत काय बदललं

संकलकांनी वार्ता सोडायची तयारी दाखवली होती. गटाने ती मान्य केली नाही आणि त्यांच्यासोबत आणखी दोघांना बसवलं. मग त्यांनी वार्तेची मांडणीच बदलली.

प्रत्येक अडथळ्याच्या ओळीला आता चार गोष्टी जोडलेल्या असतात : केव्हा बघितलं, तेव्हा पुलावर पातळी किती होती, कुठून बघितलं (काठावरून, बोटीतून की पुलावरून), आणि ती ओळ कधीपर्यंत धरायची. शेवटची मुदत पुढच्या पुरापर्यंत किंवा दोन आठवडे, जे आधी येईल ते. मुदत संपली की ओळ जात नाही. ती ‘पाहणी बाकी’ या भागात सरकते.

दुसरा बदल जास्त महत्त्वाचा. धोका आहे ही खबर एका माणसाच्या एका निरोपावर छापली जाते, तो नवखा असला तरी. धोका गेला ही खबर मात्र दोन माणसांनी, काठावरून, पहिल्या खबरीच्या वेळी जी पातळी होती तिच्या इतक्या किंवा तिच्याहून कमी पाण्यात बघितल्याशिवाय छापली जात नाही, आणि सोबत त्याच जागेवरून काढलेलं छायाचित्र लागतं. एक चुकीची ‘झाड आहे’ ही ओळ एखाद्या गटाला दोनशे पावलं जास्त चालवते. एक चुकीची ‘झाड नाही’ ही ओळ काय करते ते शनिवारी दिसलं. दोन्हींना एकच माप लावायचं कारण नाही.

तिसरं, विसर्गाचं वेळापत्रक आणि अडथळे आता एकत्र वाचले जातात. येत्या दिवसांत पाणी उतरणार असेल तर प्रत्येक अडथळ्यापुढे, उतरल्यावर तो कसा दिसेल, हे एका वाक्यात लिहितात. याला नदी ओळखणारी माणसं लागतात. आकडे उतरवून घेणं सोपं असतं, हे वाक्य लिहिणं सोपं नसतं.

परिणाम

वार्ता लांबली. काहींनी तक्रार केली की फोनवर एका नजरेत कळत नाही. त्यावर सगळ्यात वर एका ओळीत ‘आज कुठे थांबून बघायचंच’ एवढं देऊ लागले, आणि तक्रार बरीच कमी झाली.

निरोप पाठवणाऱ्यांची सवय मात्र पटकन बदलली, आणि ती कोणी न शिकवता. वार्तेतच पातळी आणि जागा दिसू लागल्यावर लोक निरोपातही त्या लिहू लागले. ज्याने बुधवारचा निरोप दिला होता त्याने तर नंतर प्रत्येक फेरीत बेटापाशी उतरून छायाचित्र काढायला सुरुवात केली. त्याच्यावर कोणी ठपका ठेवला नव्हता; पाणी चढलेलं होतं हे त्याने कळवलेलं होतं.

‘पाहणी बाकी’चा भाग मोठा होत गेला. तो रिकामा ठेवायला माणसं लागतात आणि ती नेहमी नसतात. गटाने तो भाग तसाच, लांबलचक, छापायचं ठरवलं. एका सभासदाने म्हटलं की यामुळे आपली वार्ता अर्धवट वाटते. वाटू दे, असं माझं मत आहे; अर्धवट माहिती पूर्ण असल्यासारखी दिसली म्हणूनच हे प्रकरण घडलं.

वेगळं काय करता आलं असतं

संकलकांवर सगळा भार टाकणं सोपं आहे, पण ते मला पटत नाही. बेटाच्या तोंडाशी थांबण्याचा निर्णय बोटीतल्यांच्या हातात होता, आणि न दिसणाऱ्या वळणापुढे थांबून बघायचं हा नियम कोणत्याही वार्तेपेक्षा जुना आहे. माहितगार असलेल्या दोघांनी तो नव्या मुलासमोर मोडला, ही गोष्ट गटाच्या बैठकीत पुरेशी बोलली गेली नाही असं मला वाटतं. बदल सगळे वार्तेत झाले. पाण्यावरच्या सवयीत कोणता बदल करायचा यावर एकही ठराव झाला नाही. वार्ता कितीही सुधारली तरी तिच्यात ‘मोकळा’ हा शब्द आला की कोणीतरी पुन्हा न थांबता जाणारच.

दुसरी गोष्ट, उजव्या फाट्यात १.५ ला बोट घासते म्हणून ते डावीकडे वळले. थोडं उतरून बोट उचलून उजवीकडून जाणं हा पर्याय बोलण्यातही आला नाही. पहिल्या वार्तेने ‘उजवीकडूनच जा’ सांगितलं, पण कमी पाण्यात उजवीकडे काय होतं ते सांगितलं नव्हतं. वाट दाखवायची तर ती येत्या आठवड्याच्या पाण्यात चालणारी आहे का, तेही बघायला हवं.

आणि पट्टी. पुलावरचा आकडा बेटासाठी वापरणं हीच मुळात तडजोड आहे. मधे ओढा मिळतो. बेटाच्या आधीच्या एडीतल्या मोठ्या खडकावर स्वतःच्या खुणा रंगवायच्या, आणि दर वेळी पुलावरचा आकडा आणि खडकावरची खूण शेजारी-शेजारी नोंदवत जायचं, अशी सूचना आली आहे. वर्षभराच्या नोंदी झाल्या की डावा फाटा कोणत्या खुणेला कसा वागतो ते सांगता येईल. मोठा पूर येऊन गेला की ती जुळणी पुन्हा तपासावी लागेल, कारण तळ हलतो. खडकावर रंग लावायची परवानगी कार्यालयाकडे मागितली आहे, उत्तर यायचं आहे. तोवर दोघा जणांनी छायाचित्रांवरूनच नोंदी ठेवायला घेतल्या आहेत.